अम्मीला ऑक्सिजन देऊ का, अब्बा?

प्रिय अब्बा,

आपल्याकडे बायका कब्रस्तानात येत नाहीत, म्हणून लिहिते आहे. उद्या अम्मीला केमोसाठी नागपूरला न्यायचंय आणि मला फार भीती वाटतेय. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुम्हाला तर तिच्या गाठीचं ठाऊकच नाही! तुम्ही गेल्यावर निघाली, गर्भाशयाच्या तोंडाशी. कितीतरी दिवस तिने मलाही कळू दिलं नाही. तुम्ही असता तर तुम्हाला तरी सांगितलं असतं का हो?

डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठीच्या आतवर रक्त नीट पोचत नाही. तिथे ऑक्सिजन कमी, औषधही कमी, म्हणून आतल्या पेशी वाचतात. यावेळी केमोसोबत मास्क लावून जास्त ऑक्सिजन देऊन बघायचा. अजून प्रयोगच आहे, नको म्हटलं तर नेहमीचा केमो होईलच. अम्मीने निर्णय माझ्यावर टाकला.

आणि मी कोण? महागावच्या गॅस वेल्डिंगवाल्याची पोरगी! ऑक्सिजनची चावी फिरवली की ज्योत कशी फुत्कारते, ते बघतच मोठी झाले. एकदा तेलकट हातांनी ऑक्सिजनचा सिलिंडर धरला, तर तेलाने भडका उडेल म्हणून केवढ्याने ओरडलात, "हात काढ! दुकान उडवाचं हाय का?" इतकं घाबरवायला हवं होतं का मला?

गाठही तशीच भडकली तर? मागच्या खेपेला धीर करून विचारलंच. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऑक्सिजनने गाठ पेटत नाही. उलट हवा न मिळणारी गाठच जास्त हट्टी असते. पण फायदा होईलच, असं मात्र मी सांगणार नाही."

मी हो म्हणून आले. तेव्हापासून रोज वाटतं, नको म्हणायला हवं होतं का?

आज चहा घेताना अम्मी म्हणाली, "तू काहून इतकी भेऊन राह्यली? मास्क तं मले लावणार हायेत." मग हळूच म्हणाली, "तुह्ये अब्बा सपनात आलते. चाल म्हणत होते."

मी कप उचलून आत निघून आले. अब्बा, हे बरं नाही! तिला कशाला बोलावता? एवढी कसली घाई आहे तुम्हाला?

ऐका, शब्द देते. मास्क लावतील तेव्हा मी बाहेर पळणार नाही, तिच्या उशाशी बसेन. तिचे डोळे मिटायला लागले तर मीही हाका मारीन, तुमच्यापेक्षा मोठ्याने.

तुमची भित्री,
शबाना