लिफ्टकाका आणि बंद हॉटेल

२ फेब्रुवारी, सोमवार

आज माझी खुर्ची गेली.

राजकारणात खुर्ची गेली की निदान चार माणसं भेटायला येतात, सांत्वन करतात. माझी हातांची, फिरती, कमरेला टेकू देणारी खुर्ची – जिच्यावर बसून मी इतकी वर्षं दर आठवड्याला कुणाची ना कुणाची बिनपाण्याने हजामत केली – ती नवऱ्याने सकाळी ढकलत ढकलत आतल्या खोलीत नेली. बदल्यात स्वयंपाकघरातलं स्टूल दिलं. वर आश्वासन, की चारही पाय तपासलेत, डगमगत नाही. जशी काही माझी तक्रार डगमगण्याची होती!

कारण काय, तर तो आता लोकांसमोर 'लाइव्ह' गेम खेळतो. बघणाऱ्यांना पाठ ताठ दिसली पाहिजे.

या स्टुलावर बसून विनोदी सदर कसं लिहायचं? बसल्या बसल्या श्रद्धांजलीच सुचते.

४ फेब्रुवारी, बुधवार

हे सगळं नीट लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

नवरा आयुष्यभर लिफ्ट-तपासनीस. लोकांच्या इमारतीत जायचं, दोर बघायचा, ब्रेक बघायचा, पटलं तर सही, नाही पटलं तर नाही. गेल्या वर्षी रिटायर झाला आणि तपासायला काही उरलं नाही. मग घर तपासलं. मग शेजारी. मग वाण्याचं शटर. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीचा हायड्रॉलिक पंप तपासून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी एकट्याच या.

सुट्टीत लेक आली, तिला हे बघवेना. तिने टीव्हीला एक मशीन जोडलं आणि भुताचा गेम लावून दिला. बंद पडलेलं हॉटेल, अंधारे कॉरिडॉर, मागे लागणारी पांढरी बाई. सगळ्यात वरच्या मजल्यावर सुरुवात, तळाशी बाहेरचं दार. बाकीचे लोक जीव घेऊन पळतात. हा पहिल्याच जिन्यावर थांबला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "हा कठडा पास कुणी केला?"

बाई मागून येत होती. हा कठडा हलवून बघत होता. बाईने त्याला मारलं. पुन्हा सुरू केल्यावर हा आधी कठड्यापाशी.

लेकीने ते नेटवर टाकलं. लोक हसून मेले. आता रोज संध्याकाळी शेकड्यांनी जमतात. त्याला लिफ्टकाका म्हणतात. तो म्हणतो, "नमस्कार. आजच्या तपासणीला सुरुवात करू."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीने फोनवर दुसऱ्या खेळणाऱ्यांचे व्हिडिओ पाठवले. तोच गेम, तेच हॉटेल, आणि प्रत्येकाचं हॉटेल वेगळं! एक पोरगा अखंड किंचाळतो, त्यामुळे त्याला भूत येऊन गेलेलंच कळत नाही. एक बाई इतकी शिस्तीची की वाटेत सापडलेल्या वस्तू रंगांप्रमाणे लावते. एक जण सारखा "माझी चूक नव्हती" म्हणतो. तो नक्की कुठेतरी साहेब असणार. एक मुलगी मरताना भुतालाच सॉरी म्हणते – तिची काळजी वाटली.

लोक नोकरीसाठी मुलाखती कशाला घेतात? उमेदवाराला तासभर या हॉटेलात सोडावं. सगळं बाहेर येतं.

मी खेळले तर काय होईल, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, भूतच राजीनामा देईल.

९ फेब्रुवारी, सोमवार

हेडफोन विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी आला. टोकदार बूट, फोन कानापासून हलत नाही. त्याला लिफ्टकाका हवेत. वर्षभराचा करार, नवे गेम, मोठ्या हॉलमध्ये लोकांसमोर खेळायचं. अट एकच: हा गेम या महिनाअखेर लाइव्ह संपवायचा. लोकांना शेवट लागतो, काका.

नवरा त्याला दारापर्यंत सोडायला गेला आणि परत येताना चक्क शीळ घालत आला. मी विचारलं, एवढं काय? तर म्हणाला, ऑफिसात इतके रिपोर्ट लिहिले, कुणी एक वाचला नाही. आता पोरं विचारतात, काका, ब्रेकचा गव्हर्नर म्हणजे काय.

खुर्ची परत मागणार होते, ती तक्रार गिळली आणि स्टुलावर जाऊन बसले. बोलण्यासारखं असताना न बोलणं मला सहसा जमत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

हॉटेलात लिफ्ट आली!

सगळ्यांना माहीत होतं, त्यालाच नव्हतं. खाली जायचं तर लिफ्टनेच, दुसरी वाट नाही, असं सगळे म्हणतात. बाकीचे खेळणारे पळत येतात, बटण दाबतात, सुटतात. हा दारापाशी उभा राहिला. आत डोकावला. दिवा लुकलुकतोय, दार पूर्ण लागत नाही, वरून कुरकुर येते. हात मागे बांधून म्हणाला, "बंद ठेवा ही."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लिफ्टमध्ये गेला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. कुंड्या आणून आत ठेवल्या, वजन देऊन बघितलं. बघणारे टाळ्यांची चित्रं पाठवत होते. पांढरी बाईसुद्धा कोपऱ्यात उभी राहून बघत होती असं मला वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बघणाऱ्यांत दोन तट पडलेत. एक म्हणतो काका जा, एक म्हणतो काका जाऊ नका. पोरं एकमेकांना लिफ्टवरून शिव्या देतायत. हेडफोनवाल्याचा फोन मला आला! काकू, तुम्हीच समजवा. काका छान आहेत, पण लोक किती दिवस दार बघणार?

जेवताना विषय काढला. हळूच. म्हणजे माझ्या मानाने.

"ती चित्रातली लिफ्ट आहे," मी म्हटलं. "पडली तर तू पुन्हा जिवंत होतोस. ही सोय खऱ्या लिफ्टला नाही."

"जो दोर मी बघितला नाही त्याच्या भरवशावर मी कुणाला आत घालत नाही."

"कुणाला? आत फक्त तूच आहेस."

"मी पण कुणीतरी आहेच ना," म्हणाला आणि भात मागितला.

मी भात वाढला.

पण मला हा करार हवाय. त्याच्यापेक्षा जास्त मलाच. रिटायर झाल्यापासून तो खिडकीत उभा राहून समोरच्या इमारतीच्या लिफ्टचा दिवा कुठल्या मजल्यावर आहे ते बघत बसायचा. तो माणूस मला परत नकोय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

केलं मी. लिहून टाकते.

संध्याकाळची तपासणी चालू होती. ह्याला फोन आला, थोरल्या दिरांचा, आणि हा "दोन मिनिटं हं" म्हणून बाहेर गेला. मी त्याचा चहा घेऊन आतल्या खोलीत गेले होते. पडद्यावर लिफ्टचं दार उघडं. रिमोटसारखं ते यंत्र खुर्चीवर. शेजारी लोकांचे निरोप सरसर वर जातायत – काकू! काकू दिसल्या! काकू, दाबा ना!

कुठलं बटण ते मला इतके दिवस बघून पाठ झालं होतं.

गेले आत. दाबलं. दार लागलं, कुरकुर झाली, लिफ्ट खाली गेली. काहीही झालं नाही! सुखरूप पोचली. दिवेसुद्धा लागले. मी वळून कॅमेऱ्याला नमस्कार केला – मूर्खासारखा.

हा आला. पडद्याकडे बघितलं. खालचा मजला.

"कोण गेलं आत?"

"मी. बघ, काही झालं नाही."

तो खाली बसला. आवाज चढवला नाही. लोकांना म्हणाला, "आजची तपासणी इथे थांबवतो." आणि बंद केलं.

चहा निवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हेडफोनवाला खूश. मस्त वळण, काकू! आता पुढे घ्या, शेवट जवळ आलाय.

नवऱ्याने त्याला फोनवर शांतपणे सांगितलं, की मी खाली उतरलोच नाही. खाली उभा आहे तो दुसरा कुणीतरी आहे, त्याला खेळवा. हेडफोनवाल्याला वाटलं विनोद आहे. मग कळलं, विनोद नाही. मग म्हणाला, करारही नाही.

फोन ठेवण्याआधी हेडफोनवाल्याने विचारलं, मागे नाही का जाता येत? नाही जाता येत. मध्ये आपणही नोंद करू शकतो, पण नवा मजला आला की हा गेम आपोआप नोंद करतो, जुनी पुसतो. एकतर खालून पुढे, नाहीतर अगदी पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून सगळे मजले पुन्हा उतरायची उमेद नाही, असं हा म्हणाला. कठड्यांबद्दल बोलत असावा. मशीनवर कपडा टाकला.

दुपारभर खिडकीत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. मला वाटलं माझी बाजू घेईल. म्हटलं, मी त्याच्याच भल्यासाठी केलं, अडकला होता, सोडवलं.

"आई, तो अडकला नव्हता," ती म्हणाली. "तो नाही म्हणत होता. सगळे त्याला त्यासाठीच बघायला येत होते. आणि तू त्याच्या नावाने सही ठोकलीस."

मी म्हटलं, हा डायलॉग माझ्या सदरात वापरू का? ती हसली नाही.

मी पण नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सदर पाठवलं नाही. संपादकांना कळवलं, तब्येत. त्यांनी विचारलं, कुणाची? बरोबर प्रश्न.

२३ फेब्रुवारी, सोमवार

हा सकाळी फिरायला जातो. तेवढ्यात मशीनवरचा कपडा काढला. नवा गेम. पहिल्यापासून.

मी भुताला राजीनामा द्यायला लावीन म्हणाले होते. भुताने मला दारातच गाठलं. मी वाद घालत उभी होते. पुन्हा. मग धावत सुटले – तर धावणाऱ्याची चाहूल तिला आधी लागते! मी जशी बोलते तशीच खेळते. आधी तोंड, मग डोळे. प्रत्येक दार ढकलून उघडायचं, आत कोण आहे याचा विचार नंतर. हे आरशात बघायला फार वाईट.

सुरुवातीच्या, सगळ्यात वरच्या मजल्यावरच मेले. बऱ्याच वेळा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

त्याचे जुने व्हिडिओ लावून बघतेय. तो कसा जातो? भिंतीला धरून, हळू. प्रत्येक कठड्याला हात. दाराआधी बिजागरी. दिवा हलत असेल तर खालून जायचं नाही. मला हा सगळा विनोद वाटत होता.

पण तो हळू जातो म्हणून भुताला त्याची चाहूल लागत नाही! इतके दिवस हे दिसलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन मजले झाले. आज एका कठड्याला हात लावून मोठ्याने म्हटलं, "ठीक आहे." घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

हा फिरून आला तेव्हा मी टीव्ही बंद करून पेपर उलटा धरून बसले होते. त्याने पेपर सुलटा करून दिला आणि आंघोळीला गेला.

२ मार्च, सोमवार

त्याने अजून कपडा उचललेला नाही. पोरं विचारतायत, काका कुठे गेले. लेक सांगते, काका रजेवर.

काल खिडकीतून म्हणाला, समोरची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते, कुणी बघत नाही. मी म्हटलं, जाऊन सांग त्यांना. तर म्हणाला, कोण ऐकणार?

मला लागलं ते.

५ मार्च, गुरुवार

पोचले! लिफ्ट दिसली. तोच लुकलुकता दिवा. पांढऱ्या बाईला लिफ्टच्याच मजल्यावर खिडकीच्या पडद्याआड लपून चुकवलं, श्वाससुद्धा रोखून. मी, जी बँकेच्या रांगेत गप्प उभी राहू शकत नाही.

दारापर्यंत अजून एक कॉरिडॉर. उद्या दूधवाला हिशेबाला येणार, परवा करते.

७ मार्च, शनिवार

लिफ्टच्या दारापाशी, तो होता तिथे, पडद्यावरच्या त्याला पुन्हा उभं करून यायचं, एवढंच होतं. जाता जाता कॉरिडॉरमधल्या मोठ्या कपाटाच्या बिजागरीला हात लावला. सवयीने – माझ्या! सैल होती. कपाट सरकलं.

मागे जिना. थेट तळापर्यंत. कठडा दोन्ही बाजूंना, पक्का. लिफ्ट दिसल्यावर तो थेट तिच्याकडे गेला होता; तिच्यानंतर हे कपाट त्याच्या तपासणीत यायचंच होतं.

उतरले नाही. कपाट होतं तसं लावलं. त्याला लिफ्टच्या दारापाशी आणलं, बाहेरच्या बाजूला. नोंद केली. मशीन बंद, वर कपडा.

हा फिरून आला. पाणी दिलं आणि म्हटलं, जरा मशीन लावून बघ, धूळ बसली असेल.