चारशेचा रोल आणि डावी पाकळी

हळर्ण, पेडणे
सोमवार

तीर्थस्वरूप सखारामभावोजींना सगुणचा नमस्कार. (नेहमीपेक्षा थोडा जास्त वाकून करतो आहे, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वत्सलाताईची खोकल्याची ढास थांबली असेल. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून बाकीचे.

तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी सकाळी मी आंघोळ केली, पोस्ट उघडायला तासभर होता म्हणून देवळात गेलो आणि कौलासाठी देवीच्या अंगावर पाकळी लावायला सांगितली. सगळं बिघडलं ते इथून. त्याच्या आदल्या शनिवारी मी म्हापशाला कॅमेऱ्याचा रोल आणायला गेलो होतो. केरीच्या मंडळींनी आपल्या देवकीचा रंगीत फोटो मागितलेला, स्थळ मी सुचवलेलं, आमच्या अनंताने बहारीनहून पाठवलेला कॅमेरा माझ्याकडे (फ्लॅश तेवढा वाटेत फुटला), तेव्हा फोटो मामानेच काढायचा हे तुमच्या घरी ठरलेलं. दुकानदाराने तीन डब्या पुढे मांडल्या (त्यांवरचे आकडे किमतीचे नव्हेत, उजेडाचे). शंभरचा स्वस्त, पण त्याला भरपूर ऊन लागतं. चारशेचा काळोख्या माजघरातही चालतो, पण महाग, आणि चित्र जरा रवाळ येतं. दोनशेचा मधला, अंगणात चालतो, पडवीतही चालतो. मी अर्धा तास डब्या हातात घेऊन उभा. (एका रोलात छत्तीस फोटो, त्यातले देवकीचे चार, उरलेले चतुर्थीपर्यंत पुरवायचे, हाही हिशेब डोक्यात होता.) शेवटी दुकानदार म्हणाला, “मास्तर, रोल घेताय की सून पसंत करताय?” मी लाजून रिकाम्या हाताने बस पकडली.

आमच्या घरात विहिरीची जागा, बैल, माझं हर्नियाचं ऑपरेशन, सगळं देवीला विचारून झालेलं. वाटलं, हेही विचारावं, चारशेचा घेऊ का म्हणून. पण विठू गुरवाने गाऱ्हाण्याला उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं, “मास्तरानू, काम कसलां?” मागे दहा-बारा माणसं. रोलाचं म्हणायला जीभ उचलेना. मी म्हणालो, “भाचीचं काम आहे. मनात धरलंय.” (तसं खोटं नव्हतं. देवीसमोर एवढी पळवाट मी काढली, आणि ती तिला आवडली नसणार.) विठूने भाचीच्या कामाचं गाऱ्हाणं घातलं, होकार असेल तर उजवी पाकळी दे म्हणाला, सगळ्यांनी “होय म्हाराजा” केलं, आणि डावी पडली. टपकन. मागे कोणी तरी चुकचुकलं. मला मात्र, लाज वाटते पण सांगतो, बरं वाटलं. महागाचा रोल टळला.

चुकचुकलं कोण, हे मी वळून पाहायला हवं होतं. ती गंगा, आमच्या वाड्यावर दिलेली, पण केरीची माहेरवाशीण आणि नवऱ्यामुलाची, कृष्णनाथची, सख्खी आत्या. दुपारच्या बसने ती माहेरी पोचली. गुरुवारी मला कार्ड आलं, ‘देवीने डावी दिली असे कळले. सबब आम्ही थांबतो. राग नसावा.’ भावोजी, केरीहून काही कळत नाही म्हणून तुम्ही ज्याची वाट पाहता, ते कार्ड गेले अठरा दिवस माझ्या तिकिटांच्या पेटीत तळाशी आहे. माझ्याच नावचं आहे, त्यामुळे खात्याच्या दृष्टीने गुन्हा नाही. बाकी सगळ्या दृष्टींनी आहे.

आणि ते कार्ड पेटीत ठेवून मी त्या रविवारी तुमच्याकडे डिचोलीला फोटो काढायला आलो! दोनशेचा रोल घेऊन. (त्याबद्दल देवीला विचारलंच नव्हतं, म्हणून अवज्ञा नाही.) वत्सलाताईची साडी नेसून देवकी पडवीत उभी राहिली. बटण दाबताना दर वेळी माझी नजर तिच्यावरून सरे, आणि नजरेबरोबर कॅमेराही, म्हणून चाराचे अकरा फोटो झाले. तिने हळूच विचारलं, “मामा, केरीहून पत्र नाही आलं?” मी म्हणालो, “अगो, हल्ली टपाल फार उशिरा येतं.” तेवीस वर्षं टपाल सांभाळलेला माणूस हे बोलला. तिने मला फणसाची भाजी दोनदा वाढली. ती मी दोनदा खाल्ली.

आज सकाळी पुन्हा देवळात गेलो. तीच माणसं होती. मोठ्याने सांगितलं, की मागच्या खेपेला मी लग्नाचं विचारलं नव्हतं, कॅमेऱ्याच्या रोलाचं विचारलं होतं. मग विठू म्हणाला, “अरे मास्तरा, ती देवी काय फोटोवाली?” आणि सभामंडप हसून हसून थकला. गंगा हसली नाही. “तुझ्या रोलासाठी मी माझ्या भावाच्या पोराचां लगीन मोडून इलंय मां रे!” एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसत गेली. उद्या केरीला जाऊन सांगतो. परत आलो की हे पत्र टाकतो.

तुमचा,
सगुण

ता. क. (मंगळवार) केरीला गेलो. अंगणापर्यंत गेलो. कृष्णनाथची आई कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने वर पाहिलं आणि मी विचारलं, “फेरीबोट किती वाजता सुटते?” मग ते खरं दिसावं म्हणून फेरीने तेरेखोलला जाऊन परत आलो. फेरीवर दोर सोडायला कृष्णनाथच, नोकरीच त्याची ती. त्याने विचारलं, “मास्तर, डिचोलीची मंडळी बरी मां?” मी म्हणालो, वारा फार आहे.

ता. क. दुसरा (बुधवार) आज फेरीची वेळ विचारली नाही. उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. कृष्णनाथची आई म्हणाली, “म्हणजे देवीने आमच्या लग्नाला नको म्हटलेलं नाही?” मी म्हणालो, “नाही. चारशेच्या रोलाला म्हटलं.” येत्या सोमवारी ती स्वतः पाकळी लावणार आहे, लग्नाचं नाव घेऊन. तुम्ही दोघांनी यावं असा तिचा निरोप आहे. डावी पडली तर ती निदान खरी डावी असेल.

ता. क. तिसरा. फोटो धुवून आले, रोलातल्या उरलेल्या पंचविसांवर पाणी सोडलं. अकरातले नऊ हलले. दोष रोलाचा नाही. चांगले दोन सोबत आहेत, केरीचं कार्डही आहे. विनंती एकच, आणि हे सगळं लिहिलं ते तेवढ्यासाठीच. देवकीला तुम्ही सांगा, टपाल वेळेवर आलं होतं, मामा खोटं बोलला. मला तोंडाने जमणार नाही. पाकिटावर शिक्का मारतो, थैलीत टाकतो आणि थैलीला लाख लावतो, म्हणजे मलाही ते परत काढता येणार नाही.

(लाख वितळायला ठेवली आहे.)