दारांच्या कामावर

डेट्रॉइट, मार्च १९४८

बाबा,

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "तिथेही गोरे काळ्याच्या हातात झाडूच देतील." दिला. दोन वर्षं मोटारीच्या कारखान्यात मी झाडू मारला. युनियन माझ्यासाठी भांडत राहिली आणि या सोमवारी मला गाड्यांना दारं बसवायला घेतलं.

जोडीचा गोरा कामगार स्टॅन्ली पाना खाली ठेवून म्हणाला, "याच्याबरोबर मी काम करणार नाही."

मी म्हटलं, "नको करूस. पण सरकत्या पट्ट्यावरची गाडी पुढे चाललीय."

दार एकट्याला पेलत नाही. तरी मी उचललं. तोल जायला लागला, पण सोडलं नाही. शेवटी शिव्या हासडत त्याने दुसरी बाजू धरली. दिवसभर "वर घे, खाली घे" एवढंच बोलला. सुटताना म्हणाला, "उद्या वेळेवर ये."

आता रस्त्यात आमच्या कारखान्याची गाडी दिसली की मी थांबून तिच्या दारांकडेच बघतो, बाबा.

हे पत्र टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही; तिकडे अलाबामात पत्र तो गोरा जमीनमालकच वाचून दाखवणार, आणि पोरगा माजला म्हणून राग तुमच्यावर काढणार. टाकायचं पत्र वेगळं लिहिलंय. त्यात एवढंच आहे की मी बरा आहे आणि इथे थंडी फार आहे.

तुमचा,
लूशस