करावे खाडीच्या बारा पायऱ्या आणि मी

१२ नोव्हेंबर १९९५, रविवार

आज मी सार्वजनिक जीवनात प्रवेश केला. सकाळी सव्वासातला, जिन्यात.

घडलं असं. मासळीवाली दुर्गाबाई तीन दिवस आली नव्हती. आज आली. कुठे होतात, विचारलं. तिची धाकटी जाऊ चांगुणाबाई करावे गावामागे खाडीत होडीतून पाटी घेऊन उतरताना चिखलात आपटली. हात मोडला. उतरायला धक्का नाही, पायऱ्या नाहीत. ओहोटीला मांडीभर चिखल. दुर्गाबाई सासरी आली तेव्हापासून हे असंच आहे म्हणे.

मी कालच पेपरात वाचलं होतं. स्थानिक कामांसाठी केंद्र सरकार प्रत्येक खासदारामागे वर्षाला एक कोटी देतं. म्हटलं, दुर्गाबाई, पायऱ्या झाल्या समजा. अर्ज मी करतो.

तिने पाटी खाली ठेवली आणि हात जोडले. म्हणाली, तुमी केलात तर व्हईल, सायेब. आमाला कोन इचारतो?

पंधरा वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळतोय. माझ्याकडे असं कोणी पाहिलेलं नाही.

अर्ज गुरुवारपर्यंत. जास्तीत जास्त.

१३ नोव्हेंबर, रात्री

वरच्या मजल्यावरचे हसन तुंगेकर भेटले. न्हावा शेवा बंदरात कस्टमचे कागद करतात. न विचारता सल्ला दिला. म्हणाले, एक पान पुरे. काय पाहिजे, कुठे पाहिजे, कशाला पाहिजे. खासदारांच्या ऑफिसात द्यायचं. ते शिफारस करतात, कलेक्टर ऑफिस इस्टिमेट काढतं.

मी शांतपणे समजावलं, हसनभाई, पैसा केंद्राचा. मग अर्ज केंद्राकडेच. मधल्या पायरीवर कशाला थांबायचं?

ते म्हणाले, हळबे, तुमची मर्जी.

चांगला माणूस. पण कंटेनरमध्ये आयुष्य गेलं. धोरण वेगळं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज झाला नाही. मुखपृष्ठ झालं. ‘करावे खाडीकिनारा सर्वांगीण विकास आराखडा. संकल्पना: जयप्रकाश हळबे.’ नुसत्या पायऱ्या मागणं दिल्लीच्या मानाने किरकोळ वाटलं. बाकं, दिवे आणि कारंजं घातलं. नौकाविहार विचाराधीन.

नंदिनीने पाहिलं. विचारलं, अहो, चांगुणाबाईंनी कारंजं मागितलंय?

बायकोला व्हिजन समजावणं अवघड.

२६ नोव्हेंबर, रविवार

दुर्गाबाई रोज विचारते. कागुद कुठवर आयला, सायेब? आज म्हटलं, फाइल सरकली. यात खोटं काही नाही. टेबलावरून कपाटात सरकली होती.

ती इतकी खूश झाली की एक सरंगा तसाच ठेवून गेली. परत घेईना. जेवताना घशाखाली उतरेना. मसाला जास्त झाला असावा.

३ डिसेंबर, रविवार

करावे गावातून अकरा बायका घरी आल्या. मीच दुर्गाबाईला म्हटलं होतं, अर्जाला स्थानिक पाठिंबा लागतो, दोन-चार अंगठे आण. तिने अख्खं महिला मंडळ आणलं. हॉलमध्ये जागा नव्हती, काहीजणी स्वयंपाकघरात बसल्या. चांगुणाबाई प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून दाराशी. नंदिनीने दोनदा चहा केला.

अंगठे झाले, सह्या झाल्या. मग सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलणं भाग होतं. बोललो. बरं बोललो. लोकसहभाग वगैरे. एकीने मध्येच विचारलं, सायेब, पन कवा व्हईल?

मी म्हणालो, शिमग्याच्या आधी.

का म्हणालो माहीत नाही. तोंडातून गेलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. चांगुणाबाई पहिल्यांदाच हसली. जाताना पिशवीभर चिंबोऱ्या ठेवून गेल्या, जिवंत. रात्रभर मोरीत खेकड्यांची खुडबुड चालू आहे.

शिमगा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. कॅलेंडर पाहिलं. तीन महिने आहेत. भरपूर आहेत.

९ डिसेंबर

ऑफिसला लवकर निघायचं ठरवलं आहे. तब्येतीला चांगलं. सहा पन्नासला, मागच्या गेटने.

११ डिसेंबर

मागच्या गेटला चांगुणाबाई भेटली. डाव्या हाताने पाटी धरून. एका हातानं जिनं चढाय नको म्हनून मागची बैठ्या घरांची लाइन मी करतंय, म्हणाली. कागुद कुठवर?

दिल्लीच्या वाटेवर, म्हटलं.

आता दोन्ही गेटं बंद झाल्यासारखी आहेत. सोसायटीला तिसरं गेट असावं, हे मी पूर्वीच सुचवलं होतं.

१७ डिसेंबर, रविवार

आज स्थळपाहणी केली. आराखड्याला मापं हवीत. एकटाच गेलो, टेप घेऊन. पायात ऑफिसचे बूट होते, कारण पाहणी म्हणजे शेवटी अधिकृत काम.

खाडी ओहोटीला फार शांत दिसते. होड्या दूर चिखलात बसलेल्या. मी टेपचं टोक एका खुंट्याला अडकवलं आणि पाण्याच्या दिशेने निघालो. चौदा पावलं बरी गेली. पंधरावं गेलं ते परत आलं नाही. ते काढायला दुसरा पाय रोवला, तोही गेला. गुडघ्यापर्यंत. मग गुडघ्याच्या वर.

हाका मारल्या नाहीत. आधी. लोकांना वाटलं असतं की हा अडकला.

वीसेक मिनिटं तसाच उभा. हलावं तर आणखी खाली. मग समोरून पाण्याची पातळ रेघ येताना दिसली. भरती. ती घाई करत नव्हती. आली, मांड्यांपाशी थांबली, मग वर चढायला लागली. टेप हातातून गेला. खरं लिहायचं तर त्या वेळी कारंजं आठवलं नाही. नंदिनी आठवली, आणि माझी विम्याची पॉलिसी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे तिला सांगितलेलं नाही हे आठवलं. मग ओरडलो.

दुर्गाबाई आली, मागे चांगुणाबाई. एक फळी चिखलावर टाकून दोघी तिच्यावरून सरकत आल्या. दुर्गाबाईने काखेत हात घातले. चांगुणाबाईने चांगल्या हाताने पट्टा धरला. सायेब, पाय वडू नका, आडवं व्हा, आडवं. आडवा झालो. तोंडात चिखल गेला. एक बूट आत राहिला.

काठावर बसवून त्यांनी माझ्यावर कळशीने पाणी ओतलं. दुर्गाबाई म्हणाली, आमी रोज ह्यातच उतरतंव, सायेब.

उद्या अर्ज पाठवतो. असेल तसा. कारंज्याशिवाय.

१८ डिसेंबर

ताप. अर्ज नाही.

२२ डिसेंबर

ताप उतरला. त्या दिवशीच्या मनःस्थितीत कारंजं काढून टाकणं घाईचं झालं असतं. ठेवलं. कारंज्याने दिल्लीचं लक्ष वेधलं की पायऱ्या आपोआप मिळतील. शिवाय आता प्रत्यक्ष अनुभवावर चार पानांचं प्रकरण वाढवता येईल.

५ जानेवारी १९९६, शुक्रवार

पाठवला! अठ्ठावन्न पानं. तीन परिशिष्टं. अंगठ्यांची झेरॉक्स. रजिस्टर पोस्टाने थेट दिल्ली, सर्वोच्च पातळीवर. पोस्टातल्या माणसाने वजन करताना विचारलं, आत काय आहे? म्हटलं, करावे गावाचं भविष्य. तो म्हणाला, मग बुकपोस्ट नाही जाणार.

आज समोरच्या गेटने बाहेर पडलो. दुर्गाबाईला सांगितलं, गेला. ती म्हणाली, बेस झाला, आता जिवाला तरास नका करू.

२८ जानेवारी

दिल्लीहून काही नाही. दुर्गाबाईने विचारलं, दिल्लीला कागुद कोन बगतो? वरचे लोक बघतात, म्हटलं. त्यानी आमची खाडी बगलीय का? म्हटलं, माझ्या आराखड्यातून बघतील.

ती बराच वेळ मान हलवत होती.

११ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची सभा. विषय पाण्याच्या टाकीचा होता. चेअरमन सुभाषराव मध्येच उठले आणि म्हणाले, आपल्या हळबेंनी करावेच्या धक्क्यासाठी केंद्राचा निधी मंजूर करून आणला, ही अभिमानाची गोष्ट आहे. टाळ्या.

मंजूर हा शब्द मी वापरलेला नाही. मी जिन्यात त्यांना एवढंच म्हणालो होतो की तत्त्वतः हरकत दिसत नाही. पण भर सभेत चेअरमनची चूक काढणं शिष्टाचाराला धरून नाही. शाल घेतली, नारळ घेतला. हसनभाई मागच्या खुर्चीवर होते. टाळ्या वाजवल्या त्यांनी, पण छताकडे बघत.

शाल टोचते.

२० फेब्रुवारी, मंगळवार

दिल्लीहून पाकीट आलं. जाडजूड! पोस्टमनसमोरच फोडलं.

आत माझीच अठ्ठावन्न पानं होती. वर एक पत्र, चार ओळींचं. या योजनेतल्या कामासाठी आपल्या मतदारसंघातील खासदारांकडे अर्ज करावा. सोबतचे कागद परत.

सभ्य भाषा आहे. दोष देता येत नाही.

पाकीट गादीखाली ठेवलं. रात्री माझी बाजू दोन इंच उंच. नंदिनीने कूस बदलली.

शिमग्याला अजून चौदा दिवस आहेत.

२४ फेब्रुवारी, शनिवार

खासदारांच्या ऑफिसात गेलो. बाकावर दीड तास. पी.ए. नंदकिशोर म्हणून आहेत, तरुण, सौम्य. मी अठ्ठावन्न पानं टेबलावर ठेवली. त्यांनी वजन करावं तशी उचलून पाहिली. म्हणाले, निवडणूक तोंडावर आहे, साहेब. या वर्षाची कामं ठरून गेली. नवीन काही आता निवडणुकीनंतर.

मी म्हटलं, करावे गावाच्या बायका चिखलात उतरतात हो. एकीचा हात मोडला.

ते म्हणाले, करावे? अहो, करावेचं तर…

मी थांबलो नाही. नकार एकदा ऐकला तेवढा पुरे. उठलो, पानं उचलली. जिना उतरताना दोन परिशिष्टं सांडली. गोळा करायला परत वळलो नाही.

२ मार्च, शनिवार

शिमगा तीन दिवसांवर.

दोन मार्ग आहेत. (१) जाऊन खरं सांगणं. (२) सांगली, नंदिनीचं माहेर. सासऱ्यांचे गुडघे दुखतात असं दिवाळीत कानावर आलं होतं. जावयाने विचारपूस करायला हवी.

दुसरा मार्ग निवडला. एस.टी.चं रिझर्वेशन फुल्ल.

नंदिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, गादीखालचं घेऊन जा आणि सांगून या. किती दिवस मागच्या गेटने जाणार आहात?

म्हणजे तिला ठाऊक आहे. कधीपासून, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

३ मार्च, रविवार, रात्री

गेलो. चप्पल घालून.

रस्ताभर वाक्य घोकत होतो. दुर्गाबाई, मी कमी पडलो. साधं, सरळ. ‘दिल्ली कमी पडली’ हाही पर्याय होता, पण खाडी दिसायला लागली तसा तो गळला.

वळणावर खडीचा ढीग. सिमेंटच्या गोणी. काठावर चुन्याच्या रेघा मारलेल्या, पाया खणलेला, आणि खालच्या बाजूला दगडाच्या दोन पायऱ्या. नुकत्याच बसवलेल्या, ओल्या गोणपाटाखाली. आठ-दहा मजूर.

क्षणभर, लिहायला लाज वाटते, वाटलं की दिल्लीने विचार बदलला.

दुर्गाबाई वर एका दगडावर बसून कामावर लक्ष ठेवत होती. मला बघून उठली. म्हणाली, या सायेब. बारा व्हनार हायत. दिवा बी येनार.

कोणी केलं? विचारलं.

तिने सांगितलं, आणि फार हळू सांगितलं. मला चिखलातून काढलं त्या संध्याकाळी ती आणि चांगुणाबाई हसनभाईंकडे गेल्या. सायेब येकदा जीव घालवंल, तुमीच कायतरी लिवा, म्हणाल्या. त्यांनी तिथेच बसून एक पान लिहिलं. अंगठे पुन्हा घेतले. चांगुणाबाई ते पान घेऊन खासदारांच्या ऑफिसात चार वेळा जाऊन बसली, प्लास्टरसकट. जानेवारीत इंजिनिअर मापं घ्यायला आला. त्याला बायकांनी फळीवरून नेलं. फेब्रुवारीत मंजूर.

सतरा डिसेंबर. मला ताप भरत होता. तेव्हापासून.

विचारलं, मग दुर्गाबाई, तुम्ही रोज मला का विचारत होतात? कागद कुठवर आला म्हणून?

तिने पदर खोचला. मग म्हणाली, तुमी लय उमेदीनं सांगत व्हता, सायेब. तुमच्या त्वांडावर उजेड यायचा. वयनी बी म्हनाल्या, इचारत जा, त्याना बरा वाटतं.

पाकीट हातातच होतं. चांगुणाबाई खालून वर आली. तिचा हात सुटलाय, पण मनगट वाकडं बसलंय, कायमचं. तिने पाकिटाकडे पाहिलं आणि विचारलं, ह्यो तुमचा कागुद? केवढा मोठा हाय. बगू.

दिला. तिला वाचता येत नाही. एकेक पान उलटत होती. नकाशापाशी थांबली, कारंज्यावर बोट ठेवलं, ह्ये काय? म्हटलं, पाणी. वर उडतं. ती हसली नाही. म्हणाली, पानी तर हायच की हितं.

मुकादमाने हाक मारली. मी उभा होतो तिथे त्यांना तिसरी पायरी आखायची होती. बाजूला झालो.

४ मार्च

हसनभाई जिन्यात भेटले. त्यांचे आभार मानणार होतो. त्यांनीच घाईघाईने पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

७ मार्च, गुरुवार

सव्वासातला बेल वाजली. दार मी उघडलं. दुर्गाबाई. बोंबील ताजं हायत, म्हणाली. घेतले. कागदाचं काही विचारलं नाही. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो. ती पाटी उचलून वर गेली.