पुस्तिकेतला इशारा

सोमवार, १७ नोव्हेंबर

सतरा! मोजून सतरा ठिकाणी फरक. भीमराज सरांनी लिहिलेली, आमच्या लेखनाच्या नियमांची पुस्तिका म्हणते, यंत्राच्या मॅन्युअलमध्ये धोक्याच्या प्रत्येक कामाआधी इशारा हवाच. आणि स्कीमा – कॉम्प्युटर ज्या नियमांनी आमच्या फाईली तपासतो ते – म्हणतो, नसला तरी चालेल. आम्ही पुस्तिका वाचून लिहायचं, कॉम्प्युटरनं भलतंच पास करायचं. छान चाललंय!

निरंजन सर, आमचे मॅनेजर, म्हणाले, "स्कीमा रोज चालतोय ना? मग पुस्तिकाच चुकलीय. तनुजा, शुक्रवारच्या मीटिंगला यादी दे." भीमराज सरांना निवृत्तीनंतर एक वर्ष वाढवून द्यायचं का, तेही त्याच मीटिंगमध्ये ठरणार. त्यांच्या बायकोचे, चतुराबाईंचे, उपचार कंपनीच्या विम्यावर चालतात. यादी गेली की संपलंच.

मंगळवार, १८

भीमराज सरांना यादी दाखवली. सगळी वाचली. म्हणाले, "राहिलं असंल माझ्याकडूनच. दे तशीच." एवढंच! भांडा की जरा! इतका राग आला.

पहिल्या दिवशी चाकणला मला कंपनी सापडेना, तर हा माणूस भर उन्हात फाट्यापर्यंत घ्यायला आला होता. वर म्हणाला, "आधी पाणी पी."

बुधवार, १९

यादी दिली नाही. डबाही तसाच परत आणला.

गुरुवार, २०

जुन्या नोंदी उघडल्या. पुस्तिका सहा वर्षांत बदललेलीच नाही. स्कीमा बदललाय – १५ जुलै २०२२, एकाच दुपारी, सतराही जागी.

लॉगिन माझं.

मग आठवलं. नोकरीचा दुसरा महिना. दीपमालाताईचा साखरपुडा, संध्याकाळी काळेवाडीत. फाईल पास होईना, स्क्रीनवर सतरा लाल ओळी. इशारे लिहीत बसले असते तर पोचले कधी असते? म्हणून नियमच सैल केले. सोमवारी आल्यावर परत घट्ट करू म्हटलं. आणि साफ विसरले!

इतकी लाज वाटतेय. कोणाला सांगितलं नाही तर कळायचंही नाही कुणाला. पण सरांच्या तोंडाकडे उद्या बघू कशी?

शुक्रवार, २१

मीटिंगआधी निरंजन सरांना यादी दिली. वर लिहिलं – पुस्तिका बरोबर आहे, चूक माझी. मला मेमो मिळाला. भीमराज सरांना वर्ष वाढवून मिळालं.

माफी मागायला गेले, तर भीमराज सर म्हणाले, "मला तवाच कळलं होतं गं. नियम परत घालायचा तर कारण लिहून द्यावं लागलं असतं, तुझं नाव आलं असतं. नवीन होतीस, काढलं असतं तुला. म्हणून मग इशारे मीच बघत गेलो, ऑफिस सुटल्यावर बसून. एकेक फाईल."

तीन वर्षं! आणि आम्ही हसायचो, सरांना घरी जायचा कंटाळा म्हणून.