फाटक नसलेली रेल्वे

बाबा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि मला लिहायचं आहे ते तलासरीच्या शाळेतल्या एका शनिवारबद्दल. जपानात ती वेगवान रेल्वे सुरू झाली त्यानंतरचा हिवाळा होता. मी नवी नवी शिक्षिका, मला शिंगं फुटलेली. वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवून मी व्याख्यान ठेवलं होतं आणि तुम्ही रजा टाकून, धुतलेला खाकी सदरा घालून, डहाणूहून एसटीने ते ऐकायला आला होतात.

फळ्यावर मी तोक्योपासून ओसाकापर्यंत रेघ ओढते आहे. जुनी तोकायदो लाइन, तिचे अरुंद रूळ, विजेवर धावूनही साडेसहा तास घेणारी तिची गाडी. आता तिच्या जोडीला रुंद रुळांची नवी लाइन, ताशी दोनशे किलोमीटर, चार तासांत ओसाका. "आणि या सबंध मार्गावर एकही फाटक नाही," मी ठसक्यात सांगते. "झेंडी धरून उभा राहणारा माणूस तिथे लागतच नाही. प्रगती म्हणतात ती ही!" मुलं टाळ्या वाजवतात. शेवटच्या बाकावर तुम्हीही वाजवता.

तुमचा जन्म डहाणूच्या फाटकावर गेला होता. मेल यायच्या वेळी बुजऱ्या बैलाचा कासरा तुम्ही स्वतः धरून ठेवायचात, गाडीवान शिव्या घालत असला तरी. हे मला तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं, म्हणूनच आवाज चढला होता.

चहाच्या वेळी हेडमास्तरांनी तुम्हाला विचारलं, "आपण कुठे असता?" तुम्ही तोंड उघडण्याआधी मीच म्हणाले, "स्टेशनात असतात, ऑफिसात." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कधी खोटं न बोललेला माणूस बशी खाली ठेवत म्हणाला, "हां. हापिसात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी हेडमास्तरांचा कप पुन्हा भरला.

परतीच्या एसटीत तुम्ही विचारलंत, "पोरी, फाटक नाय तर बैलगाडी पलीकडं जाते कशी?"

"पुलाखालून."

"मग बरं हाय. कोणाला थांबवायला नको." थोड्या वेळाने म्हणालात, "पण जुनी लाइन चालूच हाय ना? तिच्या फाटकांवर मानसं असतील."

"असतील," मी म्हणाले. कात्रणांत त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती. तुम्ही मान डोलावलीत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मला एका शब्दानेही बोलला नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. बोलला असतात तर मी निदान भांडून मोकळी झाले असते.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून घडी घालून ठेवते आहे. पण एक कबूल करते. आता तलासरीकडे तशाच जपानी गाडीसाठी खांब उभे राहताहेत. ते बघायला नात मला घेऊन गेली होती. तिने सहज विचारलं, "आजी, तुझे बाबा रेल्वेत काय होते गं?"

"असिस्टंट स्टेशनमास्तर," मी म्हणाले.