फळीवरचं कपाट

बाबा, आज मी तास अर्धवट सोडून वर्गाबाहेर आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. अकरावीला उतारावरची वस्तू शिकवत होते. फळ्यावर तिरकी रेघ, तिच्यावर चौकोन, त्याला खाली ओढणारं वजन, वर धरून ठेवणारी दोरी आणि मध्ये घर्षण. हे चित्र मी डोळे मिटूनही काढीन. दरवर्षी काढते. आज पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅम, जब फ्रिक्शन रोक ही रहा है, तो रस्सी की क्या ज़रूरत?" मुलगी हुशार आहे, प्रश्नही वाजवी. मी खडू ठेवला, घसा कोरडा पडलाय असं काहीतरी बोलले आणि बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिले. पाणी प्यायलेच नाही.

या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला स्वयंपाकघरात दिलं होतं, मी फ्रॉक घालायचे त्या दिवसांत. फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं ते एवढंसं स्वयंपाकघर, ओट्यावर कणकेचा भरलेला डबा. "ढकल एका बोटानं," तुम्ही म्हणता. मी ढकलते, डबा ढिम्म. बोट पांढरं पडेपर्यंत जोर लावते तेव्हा डबा एकदम सुटतो, थेट कडेपर्यंत जातो आणि तुम्ही तो पोटानं अडवता. शर्टभर कणीक. आई ओरडते, "अन्नाशी काहून खेळून राहिले तुम्ही बापलेक?" तुम्ही हसता. "पाह्य बेटा, वस्तू पहिले अडून बसते, जोर खाते. पण एकदा सुटली का मग ऐकत नाही. म्हणून सुटायच्या आधीच तिला धरून ठेवा लागते." पुढे एम.एस्सी. करताना हेच मी आकड्यांत शिकले, की थांबलेल्या वस्तूचं घर्षण जास्त आणि सरकत्या वस्तूचं कमी. मला वाटलं, मी काहीतरी नवीन शिकले.

तुमची टोळी फॅक्टरीत जड यंत्रं हलवायची. विश्वकर्मा पूजेला घरच्यांना आत सोडत, तेव्हा झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्रांमधून तुम्ही मला फिरवलं होतं. मी टांगलेल्या चेनकप्पीखालून चालत निघाले तशी दंडाला धरून मागे ओढलंत. "खालून जायचं नाही." मी म्हटलं, "पण तिला काही टांगलेलंच नाही." "तरी नाही." चारचौघांत रागावलात म्हणून मी घरी येईपर्यंत फुगून बसले होते. मी एम.एस्सी. झाले तेव्हा त्याच चारचौघांना तुम्ही पेढे वाटलेत. टोळीतले काका मला मस्करीनं 'प्रोफेसर' म्हणायला लागले आणि तुम्ही ते खरंच मानलंत.

गढा या हिंदी वस्तीतल्या नव्या घरी सामान आलं तो दिवस तर मला मिनिटामिनिटानं आठवतो. आई क्वार्टरची किल्ली द्यायला मागे राहिली आहे. लोखंडी कपाट ट्रकमधून उतरवायचं आहे. तुम्ही ट्रकपासून ओसरीपर्यंत दोन फळ्या लावता, कपाट त्यांच्यावर आडवं करता, दोरीनं बांधता, दोरीचा वेढा ट्रकच्या आकड्याला देता आणि ढील देत देत कपाट खाली सोडू लागता. अर्ध्यावर दोरी गुंतते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, "भैया, जल्दी करो." नवे शेजारी मदतीला आलेत, त्यांना मराठी कळत नाही. आणि मी कमरेवर हात ठेवून उभी, चोवीस वर्षांची, डिग्रीवाली. कपाट फळीवर शांत बसलंय. मी म्हणते, "बाबा, घर्षणानं थांबलंय ते. एवढ्याशा उतारावर आपोआप घसरणार नाही. सोडा ती दोरी, हातानं सरकवू." तुम्ही शेजाऱ्यांकडे वळून म्हणता, "बेटी ने फिजिक्स में एम.एस्सी. किया है." जन्मभर जे केलं नाही ते करता, दोरी सोडता आणि कपाटाच्या पुढ्यात येऊन फळी सरळ करायला खाली वाकता. वरून कोणीतरी कपाट जरासं ढकलतं. जरासंच.

डावा गुडघा पुन्हा कधी नीट वाकला नाही. टोळीतून काढून तुम्हाला स्टोअरच्या टेबलावर बसवलं. तिथे तुम्ही जुन्या सोबत्यांना हातमोजे काढून द्यायचात. घरी सगळ्यांना एकच सांगितलंत, दोरी मीच सोडली. ते खोटं नव्हतंच. पण आईनं ते कधी सोडलं नाही. जेवताना, पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा: "दुनियेचे लोड बांधले यांनी, अन् घरच्या कपाटाची दोरी सोडून दिली. लक्ष कुठं होतं कोण जाणे!" तुम्ही वरणभात कालवत म्हणायचात, "हो बाई, चुकलं." माझ्याकडे बघायचाही नाहीत. मला त्या न बघण्याचा राग यायचा. वाटायचं, हा माणूस एकदा तरी का म्हणत नाही, की हिला विचारा. अकरा वर्षं तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि मग गेलात. आई अजून म्हणते, तुमच्या श्राद्धालाही म्हणते, आणि मी पानं वाढत राहते.

आज शाळेतून आले ती तडक आईपुढे बसले. ती मटार सोलत होती. तिला आता नीट दिसत नाही, पण बोटं चालतात. मी एका दमात सांगून टाकलं, की दोरी माझ्या सांगण्यावरून सुटली. तिची बोटं थांबली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं तिनं. ती म्हणाली, "अन् मी त्यांना सुखानं जेवूही नाही दिलं." रडली. मग पदरानं डोळे पुसून उलट माझाच हात धरला. "पण तू तर गणित करूनच सांगितलं असशील ना? मग तुझी काय चूक, बाई? होऊन जाते." मी म्हटलं, "हो, केलं होतं."

तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. तिच्यापुढे उरलेलं बोलवत नाही, म्हणून लिहावं आणि तिला वाचून दाखवावं असं ठरवून बसले होते. आता इथवर आल्यावर कळतंय, की वाचूनही दाखवणार नाही. दोरी सोडण्याआधी तुम्हीही मला हळूच विचारलं होतं, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "गणित केलं ना, बेटा?" तेव्हाही मी हो म्हटलं होतं. मी गणित केलंच नव्हतं, बाबा. उतार मोजला नव्हता, फळी हातानं चाचपूनही पाहिली नव्हती. मला फक्त लवकर आत जाऊन माझी खोली बघायची होती.